हिरव्या तुकड्याचा फोटो

सातारा जिल्ह्यात चार दिवस राहून आलो असं म्हटलं की आमच्या सांगलीतली माणसं दोनच गोष्टी विचारतात. महाबळेश्वरला थंडी होती का, आणि येताना कंदी पेढे आणलेत का. मी महाबळेश्वरला गेलो नव्हतो आणि पेढेही आणले नव्हते. मी वडूजच्या बाजूला गेलो होतो, शिमगा होऊन गेल्यावर, ऐन रखरखाटात, आणि तेही निसर्गाचे फोटो काढायला. एवढं सांगितलं की ऐकणारा जरा थांबतो आणि माझ्या तब्येतीची चौकशी करतो.

त्या बाजूला हौसेनं कुणी जात नाही. मी गेलो, आणि एक फोटो घेऊन आलो. हा सगळा खटाटोप त्या एका फोटोचा आहे.

कुपवाड

मी कुपवाडच्या एका लहानशा कारखान्यात ड्रॉइंग काढतो. आमच्याकडे पाण्याच्या पंपांचे सुटे भाग होतात. मेव्हण्यानं नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना मला दिला, आणि त्याबरोबर एक फाटकं इंग्रजी पुस्तकही दिलं. त्यात निसर्गाचे फोटो काढण्याचे नियम होते. सूर्य पाठीशी ठेवावा. क्षितिज फोटोच्या मधोमध आणू नये. भिंगाचं छिद्र लहान ठेवलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट येतं. आणि धीर धरावा.

नियम पाठ करायला सोपे होते. पण हरिपूरला जाऊन संगमाचा फोटो काढला तर एवढा थोरला संगम कागदावर शेताच्या पाटाएवढा उतरला, आणि त्याच्या मधोमध कुणाचा तरी लेंगा वाळत होता. काढताना मला तो लेंगा दिसलाच नव्हता. गणपतीच्या घाटावरून संध्याकाळ टिपली तर विजेच्या तीन तारांनी आकाशाचे चार तुकडे केले. दोन-तीन रोल असे गेल्यावर माझ्या एवढं लक्षात आलं की, डोळ्यांना जे मोठं वाटतं ते फोटोत लहान होतं, आणि डोळा ज्याकडे बघतही नाही ते फोटोत ठसठशीत येऊन बसतं. रोल धुऊन आणायला गेलो की स्टुडिओवाला माझ्याकडे मायेनं बघायचा.

आमच्याकडे मारुती नावाचा टर्नर होता. फोटो हलतात असं मी डब्याच्या सुट्टीत म्हणालो, तर त्यानं आठवड्याभरात तीन पाइप जोडून मला ट्रायपॉड करून दिला. वरची फिरकी स्वतः लेथवर काढली होती. ट्रायपॉड एवढा जड झाला की तो हलण्याचा प्रश्नच मिटला, आणि न्यायचा कसा हा प्रश्न सुरू झाला.

हा मारुती तिशी ओलांडलेला, कामाला वाघ, सुपारीच्या खांडालाही न शिवणारा. तरी त्याचं लग्न होत नव्हतं. आड येत होतं ते वडूजकडचं गाव. नदीकाठची माणसं त्या कोरड्या तालुक्यात मुलगी देत नाहीत. मुलगा कितीही चांगला असू दे, तो कुपवाडला राहणार आणि पोरगी गावी हंडे वाहणार, असा सरळ हिशेब असतो. मुलीकडचे घर बघायलाही येत नाहीत. तालुक्याचं नाव ऐकूनच चहाचे कप आत जातात.

तारांची कटकट मी त्याला सांगितली तेव्हा तो म्हणाला, "मग आमच्या गावाकडं चला की, जोशीभाऊ. लय मोकळं हाय. तारांचा तरास न्हाई. ईजच कवा असती?"

मला बोलावणं मनापासूनचं वाटलं, आणि ते होतंही. पण त्यात आणखी काही होतं ते विट्यात कळलं.

विट्याच्या पुढे

मारुतीच्या मोटारसायकलवर मागे मी, माझ्या मांडीवर कॅमेरा, आणि बाजूला बांधलेला ट्रायपॉड. तासगाव सोडल्यावर द्राक्षबागा विरळ होत जातात. विट्याच्या पुढे रस्ता नुसता माळामाळानं चालतो. विट्याला चहा पिताना मारुतीनं बशीकडे बघत सांगितलं की त्याच्या चुलत्यांनी, तात्यांनी, कराडच्या बाजूचं एक स्थळ काढलं आहे. नदीकाठचं, उसाचं गाव. मुलगी सातवी शिकलेली.

"मग अडलं कुठं?"

"ते आपल्याकडं यायला तयार न्हाईत. तात्या म्हनले, येऊ नका, आमी फोटू आनून दावतो."

"तुझा? मग इथंच काढू की."

"माजा कशाला?" तो आणखी खाली बघत म्हणाला. "हिरीचा."

म्हणजे मी निसर्ग टिपायला निघालो होतो आणि मंडळी मला विहीर दाखवून लग्न जमवायच्या कामाला नेत होती. राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर आनंदच झाला. माझ्या फोटोवर कुणाचं काही अवलंबून आहे असं पहिल्यांदाच होत होतं.

मायणीच्या तलावाशी थांबलो. भर दुपार होती. आकाश पांढरं पडलं होतं. पुस्तकात लिहिलं होतं की पिवळी काच लावल्यावर आकाश गडद येतं. ती काच मी मुद्दाम मिरजेहून आणली होती. ती लावली आणि तलाव, बाभळी, लांबचे डोंगर, असे सात-आठ फोटो घेतले. कॅमेऱ्यातून सगळंच पिवळं दिसत होतं, पण फिल्मला ते कळत नसेल अशी माझी समजूत होती. पुस्तक काळ्या-पांढऱ्या फिल्मबद्दल बोलत होतं, हे मला पुढे कराडला कळायचं होतं.

मारुतीचं गाव

वडूजच्या अलीकडे आत वळून आणखी दोन चढ चढले की मारुतीचं गाव येतं. ही मूळची मेंढरं राखणारी माणसं. तात्यांची मेंढरं अजून आहेत, पण आता घरटी थोडी शेतीही आहे. अंगणात उतरलो तसा मारुतीच्या आईनं पाय धुवायला तांब्या दिला. मी सांगलीच्या सवयीनं दारातल्या पायरीवर उभा राहून सगळा तांब्या पायांवर ओतला. आमच्या गल्लीत पाइप लावून ओटे धुतात. इथे पाय धुवायचे ते पपईच्या आळ्यात उभं राहून, म्हणजे पाणी झाडाला जातं. मारुतीच्या आईनं पुन्हा अर्धा तांब्या आणला, माझा हात धरून मला पपईपाशी नेलं आणि म्हणाली, "आता हितं धुवा." दोनदा पाय धुतलेला पाहुणा म्हणून मला सगळं गाव ओळखायला लागलं.

जेवायला बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं आणि लसणीची चटणी. माडगं मी कधी खाल्लं नव्हतं. आमच्या घरी हुलगे म्हणजे घोड्याचं खाणं समजतात. दोन वाट्या झाल्यावर माझं मत बदललं.

तात्या जेवताना कामाचं बोलले. अंगानं काटक, आवाज डोंगरावर हाक मारायची सवय असल्यासारखा. "हीर अशी काडायची की बगनाऱ्याला गारवा वाटला पायजे. शेजारी हिरवा तुकडा हाय कडवळाचा, त्यो धरा. पल्याडचं उगडं रान धरू नका."

"विहिरीला पाणी आहे?" मी विचारलं.

"हाय की. दोन दिस कुनाला शिवू दिल्यालं न्हाई. फोटूसाटी साटवलंय."

माघ सरला की विहीर तळाला जाते, रोज थोडा पाझर सुटतो, घर आणि तो कडवळाचा तुकडा त्यावर भागतो. तोच पाझर तात्यांनी दोन दिवस अडवून धरला होता. मग घरात पाणी कुठून येतं हे मी विचारलं नाही. माझं लक्ष उद्याच्या उन्हात होतं.

संध्याकाळी माळावर गेलो. डोळ्यांपुढे कोसभर काही नव्हतं. खाली पिवळं गवत, वर आकाश, आणि मधे लांबच लांब सपाट डोंगर. उभं राहून बघायला फार सुंदर होतं. पण फोटोत काय घ्यायचं ते कळेना. जिथे सगळंच मोकळं असतं तिथे चौकट कुठे लावायची, हे पुस्तकात नव्हतं. शेवटी ट्रायपॉड उभा केला, कॅमेरा चढवला, एक डोळा मिटून वाकलो, आणि पाठीमागे खोकला ऐकू आला.

वळून बघतो तर सात-आठ माणसं. सगळ्यांत म्हातारा पुढे झाला, टोपी सारखी करत म्हणाला, "सायब, क्यानॉल कुटनं न्ह्यायचं ठरलं?"

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. तीन पायांवर ठेवलेल्या यंत्रातून एक डोळा मिटून माळाकडे बघणारा माणूस त्यांनी आजवर एकाच कामासाठी आलेला पाहिला होता. पाटाची मोजणी. मी म्हटलं, नाही हो, मी नुसते फोटो काढतोय.

"फोटू? कशाचा?"

"ह्या माळाचा."

त्यांनी माळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एकमेकांकडे पाहून समजुतीनं मान हलवली. सरकारी माणूस खरं बोलत नसतो हे त्यांना माहीत होतं. मारुती धावत आला. "आवं, ह्ये मोजनीवालं न्हाईत. आमच्या कारखान्यातलं हायत. पंपाच्या कारखान्यातलं."

यानं तर फारच घोटाळा झाला. "म्हंजी पंपबी बसिवनार?" म्हाताऱ्यानं विचारलं, आणि माझा हात धरून मला त्याच्या शेताचा बांध दाखवायला घेऊन गेला. पाट इथून नेला तर त्याचं आणि भावाचं दोघांचंही भिजेल, पण वरून नेला तर फक्त भावाचं. मी मुकाट्यानं ऐकत राहिलो. सूर्य डोंगराआड गेला. एकही फोटो झाला नाही. त्याचं मला काही वाटलं नाही, पण त्या म्हाताऱ्याच्या बोलण्यात कुठेही 'जर' नव्हतं, पाट येणारच होता, फक्त कुठून एवढंच राहिलं होतं. त्याला काही सांगण्याची मला लाज वाटली.

परत आल्यावर मी मारुतीच्या आईला म्हटलं, "मावशी, एक तुमचाही काढू. घरासमोर उभ्या राहा."

"माजा?" ती चुलीतला जाळ मागे ओढत हसली. "माजं काय बगायचंय? रानाचा काडा. लगीन रानाकडं बगून हुनार हाय."

विहीर

पहाटे उठून गेलो. सूर्य पाठीशी हवा म्हणून पूर्वेच्या बांधावर ट्रायपॉड रोवला. कॅमेऱ्याच्या खिडकीतून उजवीकडे विहीर दिसत होती, तिच्यावर डिझेलचं इंजिन, मधे पाट, आणि पाटाच्या पलीकडे कडवळाचा, म्हणजे वैरणीच्या ज्वारीचा, हिरवा तुकडा. तो तुकडा आमच्या सांगलीतल्या एखाद्या लग्नाच्या मांडवाएवढाच होता. जरा डावीकडे सरकलं की उघडं रान, जरा वर उचललं की खडक. तो तुकडा सगळ्या जगभर पसरला आहे असं दिसायला कॅमेरा फक्त एकाच जागी, एकाच उंचीवर चालत होता. ती जागा शोधायला मला तासभर लागला आणि सापडल्यावर मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

तात्यांनी शेजाऱ्यांची बैलजोडी मागून आणून विहिरीशी उभी केली होती. बैलांची शिंगं रंगवलेली, अंगावर झुली, सगळं बेंदराच्या सणासारखं. माणसं जमली होती, आणि प्रत्येकाला फोटोत यायचं होतं. त्यांच्या मते माणूस नसलेला फोटो म्हणजे फुकट गेलेला फोटो. मी एकेकाला हात जोडून माझ्या मागे उभं केलं. "फक्त निसर्ग हवाय," असं मी तीनदा म्हणालो. ते शब्द आता आठवले की मला माझंच हसू येतं.

तात्यांनी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि दचकून मागे आले. "आवं, ह्यातनं समदं रान वाळल्यालं दिसतंय!"

पिवळी काच तशीच राहिली होती. काढून टाकली. त्या माणसानं माझा फोटो वाचवला, हे नोंदवून ठेवतो.

"आता इंजिन चालू करतो," तात्या म्हणाले. "पानी लय येळ टिकायचं न्हाई. तुमी तयार ऱ्हावा."

त्यांनी हँडल मारलं. इंजिन खोकलं, आणि काळ्या धुरात विहीर, बैल, कडवळ सगळं गडप झालं. मी ओरडलो, थांबा. पण पाणी थांबत नव्हतं, ते पाटातून धावत निघालं होतं. धूर निवळेपर्यंत मी छिद्र लहान केलं, उजेडाच्या मीटरची सुई बघितली, पुन्हा बघितली. मारुती माझ्या मागे उभा होता आणि त्याचा श्वास मला ऐकू येत होता. एकदाचा धूर निघून गेला. कोवळं ऊन, चकाकणारं पाणी, हिरवंगार कडवळ, मागे निळसर डोंगर. मी क्षितिज सरळ आहे ना ते पाहिलं आणि कळ दाबली. एक, दोन, तीन. चौथ्याला पाइपातून नुसती हवा आली.

बैल मालकाकडे गेले. लोक पांगले. वळून घराकडे निघालो तेव्हा मारुतीची आई पायवाटेनं घरात शिरत होती, डोक्यावर हंडा, काखेत घागर. टँकरच्या टाकीवरून आली असावी असं मला वाटलं, आणि मी तिथेच तो विचार सोडून दिला. सगळं गाव मी कॅमेऱ्यामागे उभं केलं होतं. ती तेवढी तिथे नव्हती, त्यामुळे कुठे उभं राहायचं नाही हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

कराड

कराडला रोल सकाळी दिला तर संध्याकाळी फोटो मिळतात. दिवसभर आम्ही प्रीतिसंगमावर बसलो. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि एकदम काटकोनात वळून चालू लागतात. एवढं पाणी उगीच वाहून जाताना मारुती फार वेळ बघत होता. मी त्याचा फोटो काढला नाही. चांगला झाला असता.

संध्याकाळी स्टुडिओवाल्यानं पाकीट दिलं. मायणीचे सगळे फोटो पिवळेधमक. तलाव पिवळा, बगळे पिवळे, मारुतीचे दात पिवळे. "हळदीचा कार्यक्रम होता का?" स्टुडिओवाल्यानं गंभीरपणे विचारलं. पण विहिरीचा दुसरा फोटो त्यानंही पुन्हा हातात घेऊन पाहिला. मी आजवर काढलेला तो एकमेव चांगला फोटो होता. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर हिरवळ, पाणी आणि झुलीतले बैल, दुसरं काही नाही. बघणाऱ्याला कोकण वाटावं.

तात्यांनी सांगितल्याप्रमाणे तो मोठा करून चौकटीत बसवायला दिला. दुसऱ्या दिवशी घ्यायला गेलो तेव्हा स्टुडिओवाला कौतुकानं म्हणाला, "लहान कागदावर कडा कापल्या जातात. मोठ्यात मी काही कापलं नाही, पूर्ण निगेटिव्ह घेतलंय. तुमच्या खिडकीतनं दिसतं त्यापेक्षा फिल्मवर काठाला जास्तच येत असतं."

मी आभार मानले. फोटो ट्यूबलाइटखाली धरून पाहिला. क्षितिज सरळ होतं. पाणी चमकत होतं. मी जे घ्यायचं ठरवलं होतं ते सगळं आलं होतं, आणि मी तेवढंच पाहिलं. मग तो वर्तमानपत्रात गुंडाळून घेतला.

नदीकाठी

तात्या गावाहून एस.टी.नं आले आणि आम्ही तिघं त्या उसाच्या गावी गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ऊस, पाटातून पाणी, आणि घराघरापुढे चिखल. आमच्याकडे पाहुण्यापुढे आधी पाणी ठेवतात. इथेही तांब्या काठोकाठ भरून ठेवला होता, आणि वर नळ दारातच गळत होता. तात्या त्या गळक्या नळाकडे सारखे बघत होते.

मुलीचे वडील अदबीनं बोलले. पोहे आले. मुलगी पोह्यांच्या बशा ठेवून दाराशी उभी राहिली. तिच्या शेजारी तिची आत्या बसली होती, दोरीनं बांधलेला चष्मा लावलेली. तात्यांनी वर्तमानपत्र सोडलं आणि फोटो वडिलांच्या हातात दिला.

वडिलांनी पाहिला. त्यांच्या भुवया वर गेल्या. "वडूजकडचं रान म्हनता ह्ये?"

"आमचंच," तात्या म्हणाले.

"झ्याक हाय की."

मारुतीनं माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला वाटलं, जमलं. फोटो हातोहात फिरून आत्याकडे गेला. तिनं तो चष्म्याच्या अगदी जवळ धरला, पाण्यावरून, बैलांवरून सावकाश नजर नेली, आणि एके जागी थांबली.

"ही बाई कोन?"

"कुटली?" तात्यांनी विचारलं.

"ही काय. कडंला. डोईवर हंडा न् काखंत घागर."

मी उठून वाकून पाहिलं. डाव्या काठाला, अगदी चौकटीला लागून, बोटाएवढी मारुतीची आई होती. छिद्र मी लहान ठेवलं होतं, सूर्य पाठीशी ठेवला होता. त्यामुळे हंड्याचा ठोका न् ठोका आणि तोल सावरायला बाजूला पसरलेला तिचा हात, सगळं स्पष्ट आलं होतं. नियमानं काढलेला फोटो होता.

तात्यांनी वेळ न घालवता सांगितलं, "ती व्हय? आसंल कुनीतरी वाटंची."

मारुती मांडीवर दोन्ही हात ठेवून बसला होता. त्यानं गप्प राहायचं होतं, बस. तेवढ्यावर त्याचं लग्न झालं असतं असं मला अजूनही वाटतं.

"वाटंची न्हाई," तो म्हणाला. "ती माजी आई हाय."

"आन् मागं येवढं पानी वाहतंय," आत्या म्हणाली, "मग ही पानी कुटनं आनतीया?"

"टँकरच्या टाकीवरनं. हिरीतलं फोटूसाटी साटवलं हुतं. येरवी येवढं नसतंय."

तात्यांनी डोळे मिटून घेतले. मला माझ्या फोटोची लाज वाटली आणि मारुतीचा अभिमान वाटला, दोन्ही एकदमच, आणि वर पोह्यांचा घास घशात होता. मुलीच्या वडिलांनी घसा साफ केला. चहा आला. "कळवतो," ते म्हणाले, आणि कळवतो म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना कळलं. निघताना त्यांनी फोटो जपून पुन्हा गुंडाळून दिला आणि वर काकवीचा एक डबा दिला. माणसं वाईट नव्हती. त्यांच्या जागी मी असतो तर मीही मुलगी दिली नसती.

कराडच्या स्टँडवर तात्या एवढंच म्हणाले, "फुडल्या येळंला त्येवढी कड कापून घ्या. दोन बोटं कापली की झालं."

"न्हाई कापायची," मारुती म्हणाला. मग फोटो पुन्हा उघडून काठाकडे बघत बसला. "आईचा ह्यो पयलाच फोटू हाय, जोशीभाऊ. चांगला आलाय."

दहिवडीच्या पुढे

एवढ्यावर प्रवास संपला होता. सांगलीत आल्यावर मी पिवळे फोटो घरच्यांना दाखवले, चहाबरोबर त्यांची करमणूक झाली, आणि कॅमेरा कपाटात गेला. पण तुळशीची लग्नं लागल्यावर मारुती पुन्हा माझ्या टेबलाशी आला. तात्यांनी आणखी एक स्थळ काढलं होतं. या वेळी नदीकाठचं नव्हतं. दहिवडीच्या पुढे, म्हणजे मारुतीच्या गावाहूनही कोरड्या मुलखात.

"कॅमेरा घ्यायचा का?" मी विचारलं.

"नगं. फोटू हाय की."

ते घर माळावर एकटंच होतं. ऐन कार्तिकात तिथलं गवत पिवळं पडलं होतं. आसपास चौकटीत धरावं असं काही नव्हतं. पाय धुवायला अर्धा तांब्या आला तेव्हा मी न सांगता शेवग्याच्या आळ्यात जाऊन उभा राहिलो. मुलीच्या आईनं ते पाहिलं आणि ती मारुतीला म्हणाली, "पावनं आपल्यातलंच दिसत्यात." मला माझ्या कुठल्याच फोटोबद्दल एवढी शाबासकी मिळाली नव्हती.

चहा झाल्यावर तात्यांनी फोटो काढला. त्यांनी तोंड उघडायच्या आत मारुतीनं तो घेतला, मुलीच्या आणि तिच्या आईच्या मधे जमिनीवर ठेवला, आणि पाण्यावर नाही, बैलांवर नाही, डाव्या काठावर बोट ठेवलं.

"ही माजी आई. पानी आनतीया. ही हीर दिसती तशी येरवी नसती, माघ सरला की आटती."

तात्यांनी एक सुस्कारा सोडून छपराकडे पाहिलं. मुलगी वाकली. सावळी, हातापायांनी मजबूत, आतापर्यंत एक शब्दही न बोललेली. हिरव्या तुकड्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. ती त्या काठावरच्या बाईकडे बघत होती, तिच्या हंड्याकडे, पायाखालच्या वाटेकडे.

"टाकी किती लांब हाय?" तिनं विचारलं.

मारुतीनं खरं तेच सांगितलं. "अर्धा मैल आसंल."

तिनं आईकडे पाहिलं. दोघींच्या चेहऱ्यावर एकदमच हसू आलं.

"मग जवळच हाय की," ती म्हणाली.